आठ लिटर जास्त

गेली अठ्ठावीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. या शहरात असा तराजू नसेल ज्याच्या पारड्याखाली मी वाकून पाहिलेलं नाही. वाण्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा काटा, टपाल कचेरीतला काटा, सगळे मला वचकून असतात. फक्त एका गोष्टीचं वजन मला ठाऊक नव्हतं, आणि ती रोज माझ्यासमोर बसून जेवते.

विचारून टाकायचं, असं तुम्ही म्हणाल. तुमचं लग्न झालेलं नसावं. एकोणीस वर्षांपूर्वी विम्याच्या अर्जासाठी मी हिला एकदा वजन विचारलं होतं. चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. घरी एक काटा होता, पण तो दीडशे ग्रॅम खोटा निघाल्यावर मीच जप्त केला. देवाघरचा न्याय बघा, त्या पावतीवर सही हिची आहे.

आता वजन हवं कशाला, तर लाटेवर उभं राहण्यासाठी.

ही शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "मला समुद्रात फळीवर उभं राहायचंय. सर्फिंग." मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसं काहीबाही बोलतात, ओसरेल. ओसरलं नाही. पुढच्या रविवारी मी किनाऱ्यावर हिचा चष्मा, चपला, टॉवेल आणि स्वतःचा जीव मुठीत धरून बसलो होतो. पाण्याची मला भीती वाटते. आंघोळीलासुद्धा मी तांब्याच घेतो, शॉवरखाली कोणी तरी वरून पाहतंय असं वाटतं.

ही अकरा वेळा पडली. मोजणं हा माझा धंदाच आहे, म्हणून आकडा पक्का. दरवेळी गुडघा फळीवर टेकला की फळी बाजूला कलायची आणि हिचं डोकं दिसेनासं व्हायचं. ते परत दिसेपर्यंत मी जेवढं नामस्मरण केलं, तेवढं उभ्या आयुष्यात केलेलं नाही. बाराव्यांदा ती चढलीच नाही. बाहेर आली, चष्मा लावला आणि काचांतून माझ्याकडे न बघता म्हणाली, "फळी चांगली होती हो. मीच कमी पडले. अजून एक रविवार बघते. नाही जमलं तर सोडून देते."

मीच कमी पडले! या बाईनं एकदा अख्ख्या शिक्षण खात्याला पाठ्यपुस्तकातलं उत्तर चुकीचं असल्याचं मान्य करायला लावलं होतं. तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं. दुसऱ्या क्षणी मी बोलून गेलो, "पुढची फळी मी निवडतो."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या मुलानं हात वर करावा. त्याला कारण होतं. अख्ख्या शहराची मापं तपासणाऱ्या मी हिच्या मापाचं काही आजवर बरोबर आणलेलं नाही. चपला एक नंबर लहान, रेनकोट असा की त्यात आम्ही दोघे मावलो असतो. तरी ती म्हणाली, "बरं. निवडा."

झालं, पूर्वरंग संपला. इथून पुढं आख्यान.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मी किनाऱ्यावरच्या दुकानात गेलो. फळीवाला उन्हानं इतका भाजलेला, की भुवया केसांपेक्षा पांढऱ्या. भिंतीला टेकून पाच-सहा फळ्या उभ्या. मी धंद्याच्या सवयीनं पहिल्या फळीचा शिक्का वाचला. लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी, ७० लिटर.

"हे काय?" मी विचारलं.

"व्हॉल्यूम."

"झाकण कुठाय?"

"कसलं झाकण?"

"सत्तर लिटर लिहिलंय. भरायचे कुठून?"

"साहेब, भरायचं नसतं. ती आतून ठोकळाच आहे."

"ज्यात काही भरता येत नाही त्यावर लिटर लिहिणं कोणत्या कलमात बसतं?"

फळीवाला शांत माणूस. समुद्राशी रोज बोलणाऱ्याला माझं काय! त्यानं एक बादली काठोकाठ भरली, त्यात लाकडाचा ठोकळा बुडेपर्यंत दाबला आणि सांडलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. "जेवढं पाणी बाहेर तेवढे लिटर. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर. फळी जेवढे लिटर, साधारण तेवढे किलो ती पाण्यावर उचलून धरणार. कळलं?"

कळलं. आणि माझी भीती दुप्पट झाली. म्हणजे कमी लिटरची फळी हे चक्क मापात मारणं होतं, आणि मारलं जाणार होतं हिच्या पायाखालून.

"मग सगळ्यात मोठी द्या," मी म्हणालो. "सव्वाशे लिटर. दोनशे असेल तर दोनशे."

"ती तुमच्या मॅडमना उचलवणार नाही, वळवता येणार नाही, आणि लाटेनं उलटली तर डोक्यात बसेल. जास्त झालं तरी वाईट. माप जमायला हवं." त्यानं एक फॉर्म पुढं सरकवला. तीन रकाने. माणसाचं वजन. माणसाला येतं किती. लाटा कशा. "नवशिका असेल तर वजनाइतके लिटर आणि वर दहा टक्के. वयाचे, सवय नसण्याचे ते दहा. लाटा कमजोर असल्या तर आणखी थोडे. मुरलेला माणूस निम्म्या लिटरवरही नाचतो."

दुसऱ्या रकान्यात मी 'शून्य' लिहिलं. मग ते खोडून 'अकरा वेळा प्रयत्न' लिहिलं. बायकोच्या इभ्रतीचा प्रश्न होता. उरलेले दोन रकाने कोरे ठेवून फॉर्म घरी आणला.

लाटांचा रकाना सोपा वाटला. मंगळवारी अर्धा दिवस रजा टाकून बंदर कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, "लाटांची माहिती कोणत्या जहाजासाठी?"

"जहाज नाही. फळी."

"फळीची नोंदणी आहे का?"

"अजून घेतलेली नाही."

"मग तुम्हाला लाटा कशाला?" मी समजावून सांगितलं. त्यानं ते ऐकून 'माहिती मागण्याचे प्रयोजन' या रकान्यात माझ्याच हातानं 'पत्नीस उभे राहण्यासाठी' असं लिहून घेतलं, आणि तो अर्ज चार टेबलं फिरला. प्रत्येक टेबलावरच्या माणसानं ते वाचून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सरकारी माणूस आहे. टेबलाच्या या बाजूला उभं राहायची मला सवय नाही. पण कागद मिळाला. शिक्क्यासह. सरासरी उंची दोन फूट, जोर कमी. आणि शेऱ्याच्या रकान्यात: विशेष नाही. हा कागद घडी घालून मी खिशात ठेवला. आपण ठेवतो तेव्हा आपल्याला माहीत नसतं, भगवंत कशाची तयारी करून घेतोय.

राहिला पहिला रकाना.

तिसऱ्या मजल्यावर विमेवाले राहतात. सगळ्या इमारतीचे मधुमेह त्यांना पाठ आहेत. ते म्हणाले, "वहिनींचं वजन? आमच्याकडे आहे ना नोंद. पंचावन्न."

"कधीची?"

"एकोणीस वर्षांपूर्वीची. पण पॉलिसी अजून चालू आहे."

सोसायटीचे सचिव तिथेच चहा पीत बसले होते. सचिवांना फळीची वेगळीच काळजी. "ती जिन्याखाली ठेवणार असाल तर सामान की वाहन, ते आधी ठरवावं लागेल. वाहन असेल तर पार्किंगचा ठराव, सामान असेल तर मज्जाव." मग चहा संपवून ते म्हणाले, "वजनाचं म्हणाल तर हल्ली फोटोवरून कळतं म्हणे." विमेवाले म्हणाले, "गादीवर किती खड्डा पडतो ते बघा." मी म्हणालो, "गादी प्रमाणित नसते." तेवढ्यात बाहेर लिफ्टचा आवाज आला.

आमची लिफ्ट. आत पत्र्यावर लिहिलंय, सहा माणसं, ४०८ किलो. जास्त झाले की ती केकाटते. आता अठ्ठावीस वर्षं तराजूशी संसार केलेल्या माणसाला केकाटणारी लिफ्ट ऐकू आल्यावर काय सुचणार? लिफ्ट म्हणजे दुसरं काय, दोरीला टांगलेलं पारडंच ते!

बुधवारी मी साहेबांकडे गेलो. कचेरीत जुन्या बाद झालेल्या लोखंडी वजनांची पेटी आहे. मी स्वतः तपासलेली, ग्रॅमला ग्रॅम.

"घरी नेताय? कशाला?"

"लिफ्टची कसोटी घ्यायचीय, साहेब."

"लिफ्ट आपल्या कायद्यात येते का?"

"ती काही विकत नाही, पण मोजते."

साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि 'केवळ जनहितार्थ' असा शेरा मारून सही केली. एकशेसाठ किलो लोखंड टेम्पोतून आमच्या दारात उतरलं. सचिव म्हणाले, हे सामान आहे का वाहन?

काट्याची आधी परीक्षा, मग माल, हा आमच्या खात्याचा धर्म. म्हणून हिची दुपारची झोप साधून मी दोघांना आधी वाण्याच्या काट्यावर उभं केलं. सचिव नव्वद सांगत होते, शहाण्णव भरले. विमेवाले अठ्ठ्याहत्तर सांगत होते, त्र्याऐंशी भरले. मी ब्याऐंशी, आणि मी ब्याऐंशीच सांगत होतो. माणूस स्वतःच्या वजनात पाच-सात किलोंची सूट घेतोच, हे मी त्या दिवशी शिकलो. कायद्यात ती बसत नाही, पण पाठही सोडत नाही. आम्ही तिघे आणि लोखंड मिळून लिफ्ट बरोबर चारशे बारा किलोंना केकाटली. तीन वेळा. काटा पक्का.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ही फिरायला निघते. हातात काही नाही. चपलांचं वजन मी आधीच करून ठेवलं होतं, ते न धरण्याइतकं निघालं. चौथ्या मजल्यावर आम्ही तिघे लिफ्टमध्ये असे उभे होतो, जसे तिघे नेहमीच तिथे राहतात. कोपऱ्यात गोणपाटाखाली सत्तर किलो लोखंड. माझ्या पिशवीत सुटी वजनं.

ही आत आली. लिफ्ट गप्प.

"हे काय?" गोणपाटाकडे पाहत तिनं विचारलं.

"बटाटे," सचिव म्हणाले.

"तुम्ही तर मधुमेही ना, भाऊजी?"

"म्हणूनच खाली नेऊन ठेवतोय," विमेवाले मध्येच म्हणाले.

मी चपलेचा पट्टा सारखा करायला वाकलो आणि पाच किलोचं वजन जमिनीवर ठेवलं. गप्प. दोन किलोचं. गप्प. आणखी एक दोनचं. गप्प. कपाळावरून घाम माझ्याच हातावर पडला. एक किलोचं ठेवलं.

लिफ्ट केकाटली.

आम्हा तिघांचे दोनशे एकसष्ट, लोखंड ऐंशी. चारशे बारातून तीनशे एकेचाळीस गेले. एकाहत्तर. माझ्या डोक्यात घंटा वाजली. आलं, माप आलं! मी चटकन एक किलो उचललं, दार मिटलं, लिफ्ट निघाली, आणि तिसऱ्या व दुसऱ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली.

अंधारात पहिल्यांदा बोलले ते विमेवाले. त्यांचा आवाज बदललेला होता. "वहिनी, मी निर्दोष आहे. मी फक्त वजन म्हणून उभा आहे."

"कसलं वजन?"

"तुमचं काढत होते ते. मापसाहेब."

मला इमारतीत मापसाहेब म्हणतात. तोपर्यंत त्याचा अभिमान होता.

गोणपाट सरकल्याचा आवाज आला, पाठोपाठ हिच्या बोटांची नखं लोखंडावर वाजली. एक, दोन, तीन, चार. मग माझ्या पायाजवळ. ही सगळं चाचपून बघत होती. गणिताची बाई!

"अहो," शेवटी ती म्हणाली, "विचारायचं होतंत."

"फळीसाठी लागतं गं. तुला विचारलं असतं तर…" पुढचं मी गिळलं. "किती आहे?"

त्या लोखंडी डब्यात हिनं घसा साफ केला, आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "चौसष्ट."

सचिव म्हणाले, "पण मग ते चारशे बा…" मी अंधारात अंदाजानं पाय ठेवला. अंदाज बरोबर निघाला. सचिव कळवळले. वीस मिनिटांनी वीज आली, आणि त्या वीस मिनिटांत आम्ही चौघं हवापाण्यावर जेवढं बोललो तेवढं हवामान खातंही बोलत नसेल.

शुक्रवारी दुकानात गेलो. एका हातात बायकोचा शब्द, दुसऱ्या हातात लिफ्टचा.

"चौसष्ट ना?" फळीवाला आपणहून म्हणाला. "रजिस्टर नंतर चाळलं मी. मॅडमनी गेल्या रविवारी तेच लिहिलंय. म्हणून तर सत्तरची निळी दिली होती. चौसष्ट आणि दहा टक्के."

त्या क्षणी मला सगळं दिसलं. फळी चांगली होती, मीच कमी पडले! कमी पडली होती ती फळी. सात किलो कमी सांगितले म्हणून आठ लिटर कमी मिळाले, आणि ते आठ लिटर अकरा वेळा हिच्या गुडघ्याखालून सटकले. शेजारी पिवळी उभी होती. ७८ लिटर. एकाहत्तरला अगदी मापात.

पण पिवळी न्यायची म्हणजे हिनं दोन शेजाऱ्यांसमोर दिलेल्या शब्दावर मी 'खोटा' असा शिक्का मारायचा. निळी न्यायची म्हणजे रविवारी ती पुन्हा पडायची, आणि सोडून द्यायची, आणि जन्मभर समजायचं की आपणच कमी पडलो. अठ्ठावीस वर्षांत खोट्या मापावर मी एकदाही सही केलेली नाही. मी दुकानाबाहेर वाळूत जाऊन बसलो. समुद्र आपला येत होता, जात होता, त्याला काही विचारायची सोय नव्हती.

अशा वेळी मला आमचे कीर्तनकार बुवा आठवतात. उत्तररंग रंगात आला, की झांजा थांबवायची खूण करून ते म्हणत, "मंडळी, सत्य कशाला असतं? टोचायला? टोचायला काटाही पुरतो. सत्य टेकू द्यायला असतं. लावताना असं लावा, की ज्याला आधार झाला त्याला लाकूड दिसू नये." मग टाळ्या, मग गजर. मी त्या वाक्यावर दरवेळी रडलोय. वापरायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती. खिशात हात घातला, आणि हाताला बंदर कचेरीचा कागद लागला.

फॉर्मच्या पहिल्या रकान्यात मी लिहिलं: ६४. आमच्या हिचा शब्द. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: लाटा फार कमजोर, सबब आठ लिटर जास्त. सोबत दाखला जोडला आहे.

फळीवाल्यानं वाचलं. दाखला वाचला. मग माझ्याकडे पाहून त्या पांढऱ्या भुवया किंचित उचलल्या. "साहेब, दोन फुटी लाटेला दोन लिटर पुरतात. आठ म्हणजे…"

"आमच्याकडच्या लाटांची तुम्हाला कल्पना नाही," मी म्हणालो.

त्यानं दाखला परत दिला आणि पिवळी फळी बांधून दिली. भला माणूस.

फळी लिफ्टमध्ये मावली नाही. जिन्यावरून नेताना दुसऱ्या मजल्याचा दिवा फुटला, आणि सचिवांनी ती वाहन असल्याचा निर्णय दिला. हिनं दार उघडलं. "पिवळी? निळी का नाही?"

मी पाठ केल्यासारखं सांगितलं. वजन चौसष्टच धरलंय, पण लाटा. हा बघ दाखला, सरकारी आहे. जोर कमी. विशेष नाही. हिनं तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला. खिशावर हात जरा जास्त वेळ टेकला, असं मला वाटलं. पण मी घाबरलेला माणूस, मला काय वाट्टेल ते वाटतं.

रविवार. चष्मा, चपला, टॉवेल, मी. सचिव आणि विमेवालेही आले होते, "सहज, हवा खायला." ही पिवळी फळी काखेत घेऊन पाण्यात गेली. पहिल्यांदा पडली. मी चष्म्याच्या काड्या इतक्या घट्ट धरल्या की एक वाकली. दुसऱ्यांदा पडली. माझ्या मनात आलं, लिफ्टच खोटी असली तर? दोरी ताणलेली असली तर? एखाद्या तराजूवर एवढा विश्वास मी का टाकला? तिसऱ्यांदा एक बुटकी, कसलाही जोर नसलेली लाट आली. गुडघा टेकला. फळी कलली नाही. दुसरा गुडघा. मग एक पाऊल. आणि मग आमची ही, एकतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली, त्या पिवळ्या फळीवर उभी राहिली.

एक, दोन, तीन, चार सेकंद. सचिव ओरडले, विमेवाल्यांनी मला मिठी मारली. मला नीट दिसत नव्हतं. गडबडीत डोळ्यांवर चढवलेला चष्मा हिचा होता.

ती बाहेर आली. केस पिळत, धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली. मी वाकडी काडी सरळ करून चष्मा तिच्या हातात दिला. तो तिनं लावला आणि या वेळी काचांतून सरळ माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालात, आपल्या लाटा कमजोर आहेत ना?"

"फार," मी म्हणालो.

"आठ लिटर. त्यातले दहा टक्के वगळले…" ती मागे समुद्राकडे वळून मनात हिशेब करू लागली. मग पुढे होऊन, त्या दोघांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात माझ्या कानाशी म्हणाली, "सात किलोंनी कमजोर आहेत हो. बरोबर सात."

आणि फळी माझ्या डोक्यावर देऊन ती पुढे चालू लागली.